टॉवरमधून माणसाच्या डोक्यात आवाज सोडता येतो का?



वाशिममध्ये प्रॅक्टिस करताना बी.पी., शुगर, ताप, दमा हे रोजचेच विषय. पण गेल्या काही वर्षांत एक वेगळा प्रश्न माझ्या ओपीडीत वारंवार येऊ लागला आहे. कधी रुग्ण स्वतः विचारतो, कधी त्याचा भाऊ किंवा आई सगळे बाहेर गेल्यावर हळूच विचारते. "डॉक्टरसाहेब, टॉवरवाले माह्याशी बोलून रायले. बंद करता येते का हे?" शिकलेली मुलं मोबाईल पुढे करतात. त्यात एखादा व्हिडिओ असतो, एखाद्या अमेरिकन पेटंटचा फोटो असतो. "सर, रेडिओ लहरींनी थेट डोक्यात आवाज पाठवता येतो, हे सायन्सने सिद्ध केलंय ना?"

या प्रश्नाला दोन प्रकारची उत्तरं मिळतात. बरेच लोक, त्यात डॉक्टरही आले, हसून म्हणतात, "असं काही नसतंच, डोक्यातून काढून टाक." दुसरीकडे इंटरनेट म्हणतं, "हे शंभर टक्के खरं आहे, सरकार लपवतंय." माझ्या मते ही दोन्ही उत्तरं चुकीची आहेत आणि दोन्हींमुळे रुग्णाचं नुकसान होतं. म्हणून आज या विषयावर जरा सविस्तर लिहितो. लेख लांब आहे, पण घरात कोणाला असा त्रास असेल तर शेवटपर्यंत नक्की वाचा.

रेडिओ लहर आणि आवाज यात फरक काय?

आवाज म्हणजे हवेची कंपनं. ती कानाच्या पडद्यावर आदळतात, पडदा हलतो, आतली तीन छोटी हाडं हलतात आणि आतल्या शंखासारख्या भागातून मेंदूकडे संदेश जातो. साधारण २० ते २०,००० कंपनं दर सेकंदाला, एवढ्याच पट्ट्यातलं आपल्याला ऐकू येतं.

रेडिओ लहर ही हवेची कंपनं नव्हे. ती प्रकाशाच्या जातीची विद्युतचुंबकीय लहर आहे. आकाशवाणी अकोल्याच्या लहरी तुमच्या शेतात, घरात, अगदी तुमच्या अंगावरूनही जात असतात, पण रेडिओ लावल्याशिवाय तुम्हाला बातम्या ऐकू येत नाहीत. कारण त्या लहरीतून शब्द वेगळे काढायला रेडिओ लागतो आणि ते शब्द हवेत सोडायला स्पीकर लागतो. माणसाच्या डोक्यात असा रिसीव्हर नाही. मोबाईलचंही तसंच. टॉवरमधून येणारा सिग्नल म्हणजे आकड्यांची सांकेतिक भाषा असते. ती उलगडण्याचं काम फोनमधली चिप करते. शेजारी उभ्या माणसाच्या मेंदूला त्यातलं एक अक्षरही कळत नाही.

मग इंटरनेटवर दाखवतात ते काय आहे?

तिथे दाखवतात त्यातला एक भाग खरा आहे, हे आधी मान्य करू.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात रडारजवळ काम करणाऱ्या काही लोकांना डोक्यात 'टिक-टिक', 'भुण्ण' असे आवाज ऐकू येत. अमेरिकेतल्या ॲलन फ्रे या शास्त्रज्ञाने या गोष्टीचा अभ्यास केला आणि १९६२ मध्ये शोधनिबंध प्रसिद्ध केला. ठरावीक प्रकारच्या, तुकड्या-तुकड्यांनी सोडलेल्या मायक्रोवेव्ह लहरी डोक्यावर पडल्या, तर माणसाला खरोखर आवाज ऐकू येतो, असं त्यांनी दाखवलं. या परिणामाला 'फ्रे इफेक्ट' किंवा 'मायक्रोवेव्ह हिअरिंग' म्हणतात.

हे कसं घडतं? १९७४ मध्ये फॉस्टर आणि फिंच या दोघांनी याचा उलगडा केला. लहरीचा एक अतिशय छोटा पण जोरदार झटका डोक्यावर पडला की आतला भाग एका अंशाच्या काही दशलक्षांश एवढाच गरम होतो. ही उष्णता आपल्याला जाणवतही नाही. पण ती क्षणार्धात येत असल्यामुळे तो भाग किंचित प्रसरण पावतो आणि दाबाची एक लहर तयार होते. ती कवटीच्या हाडातून आतल्या कानापर्यंत जाते आणि 'टक्' असा आवाज ऐकू येतो. या दोघांनी साध्या पाण्यावरही प्रयोग केला. पाण्यात असाच आवाज तयार झाला, पण पाणी ४ अंश सेल्सियसला आणल्यावर तो बंद पडला. त्या तापमानाला पाणी गरम केलं तरी प्रसरण पावत नाही, हे आपण शाळेत शिकलो आहोत. म्हणजे सगळा खेळ प्रसरणाचा आहे. लहर मेंदूशी बोलत नाही, ती फक्त आतल्या कानाला एक बारीक टिचकी मारते.

म्हणूनच आतला कान किंवा कानाची नस निकामी झालेल्या माणसाला हा आवाज ऐकू येत नाही. आणि डोक्याच्या बाजूला धातूची जाळी धरली की तो थांबतो, हेही फ्रे यांनी पाहिलं होतं.

शब्द पाठवले गेले होते का?

हो, तेही झालं आहे. १९७३ मध्ये अमेरिकेतल्या वॉल्टर रीड या लष्करी संशोधन संस्थेत शार्प आणि ग्रोव्ह यांनी अशा टिचक्या बोलण्याच्या लयीत सोडल्या. बसलेल्या माणसाला एक ते दहापर्यंतचे इंग्रजी आकडे ओळखता आले. घशाचं ऑपरेशन झालेला माणूस यंत्र लावून बोलतो, तसा तो आवाज होता. पूर्ण वाक्यं पाठवण्याच्या भानगडीत ते पडले नाहीत, कारण त्यासाठी लहरींची ताकद तेव्हाच्या सुरक्षित मर्यादेपलीकडे न्यावी लागली असती. पुढे २००२ मध्ये अमेरिकन हवाई दलाच्या नावाने याच विषयावर एक पेटंटही निघालं. रुग्ण मला दाखवतात ते बहुतेक वेळा हेच. पण पेटंट म्हणजे कल्पनेवरचा हक्क. पेटंट निघालं म्हणून ते यंत्र तयार होऊन आपल्या गल्लीत बसवलं आहे, असा त्याचा अर्थ होत नाही.

'हवाना सिंड्रोम'चं नावही काही जण घेतात. २०१६ पासून क्युबातल्या अमेरिकन वकिलातीच्या काही लोकांना अचानक आवाज, चक्कर, डोकेदुखी असा त्रास झाला. २०२० मध्ये अमेरिकेतल्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या समितीने काही रुग्णांच्या बाबतीत रेडिओ लहरींचे झटके ही त्यातल्या त्यात पटणारी शक्यता मानली. २०२३ मध्ये तिथल्या गुप्तचर संस्थांच्या अहवालाने मात्र परकीय शत्रूचा त्यात हात असणं फारच असंभव असल्याचं म्हटलं. तो वाद काहीही असो, त्या लोकांचीही तक्रार विचित्र आवाजाची आणि दाबाची होती. कोणी दिवसभर शिव्या देतंय, हुकूम सोडतंय अशी ती नव्हती.

आपल्या गावातला टॉवर हे करू शकतो का?

आता थोडं गणित करू. १० मायक्रोसेकंदांच्या झटक्याने एक 'टक्' ऐकू यायची असेल, तर तेवढ्या क्षणापुरती लहरींची ताकद दर चौरस मीटरला सुमारे ४०,००० वॅट लागते, असं १९७५ मधल्या मोजमापावरून निघतं. भारतात १ सप्टेंबर २०१२ पासून मोबाईल टॉवरसाठी आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश मर्यादा लागू झाली. ९०० मेगाहर्ट्झच्या लहरींसाठी ती दर चौरस मीटरला ०.४५ वॅट होते. दोन आकड्यांत जवळजवळ ८९ हजार पटींचा फरक आहे. पहिला आकडा क्षणापुरत्या ताकदीचा आहे आणि दुसरा सरासरीचा, त्यामुळे तुलना तंतोतंत नाही. पण टॉवर अशी ताकद एका सूक्ष्म क्षणात गोळा करून कोणाच्या डोक्यावर सोडत नाही. ते त्याचं कामही नाही आणि त्याची कुवतही नाही.

शिवाय हे करायचं तर रडारसारखं मोठं यंत्र हवं, ते तुमच्या डोक्यावर नेम धरून ठेवायला हवं आणि तुम्ही शेतात गेलात, एस.टी.त बसलात, पुण्याला गेलात तरी नेम चुकता कामा नये. मला भेटलेले बहुतेक रुग्ण सांगतात की गाव बदललं, मोबाईल फेकून दिला, तरी आवाज सोबतच आले. टॉवर मागेच राहिला होता. आवाज सोबत आले, कारण ज्या ठिकाणी ते तयार होतात ते ठिकाण सोबत होतं.

रेडिओ लहरींनी खरंच बोलणं पोचतं, ते असं

एक उपचार असा आहे की ज्यात रेडिओ लहरींमार्फतच माणसापर्यंत शब्द पोचतात, तेही रोज, आपल्याच राज्यात. तो म्हणजे कॉक्लिअर इम्प्लांट. जन्मतः बहिऱ्या मुलाच्या आतल्या कानात ऑपरेशन करून बारीक तारांची एक ओळ बसवतात. कानामागे कातडीखाली एक छोटा रिसीव्हर असतो. बाहेर मायक्रोफोन, प्रोसेसर आणि लोहचुंबकाने डोक्याला चिकटणारी एक गोल चकती असते. आईने हाक मारली की प्रोसेसर त्या आवाजाचे संकेत बनवतो, चकती ते रेडिओ लहरींनी कातडीपलीकडे पाठवते आणि आतला रिसीव्हर कानाच्या नसेला सूक्ष्म विजेने चेतवतो. केंद्र सरकारच्या ॲडिप योजनेतून लहान मुलांना ही मदत मिळते. मुंबईच्या वांद्र्यातली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था त्या कामाची मुख्य संस्था आहे.

हे मी मुद्दाम सांगतो. "माझ्या डोक्यात गुपचूप चिप बसवली" असं ज्यांना वाटतं, त्यांच्या घरच्यांनी हे समजून घ्यावं. बोलणं पोचवणारं जे खरं यंत्र आज जगात आहे, त्याला कानाचं मोठं ऑपरेशन लागतं, त्याची खूण कानामागे राहते आणि एक्स-रेमध्ये ते दिसतं. बाहेरची चकती कातडीला चिकटलेली असावी लागते. ती काढून ठेवली की आवाज बंद. इतकं करूनही मूल लगेच बोलणं समजत नाही. महिनोन्‌महिने वाचा-उपचार घ्यावे लागतात. मग दूरच्या टॉवरवरून, ऑपरेशनशिवाय, स्वच्छ वऱ्हाडीत कोणी कसं बोलेल?

मग हे आवाज येतात कुठून?

रुग्णाला आवाज खरोखर ऐकू येतात. तो नाटक करत नाही, खोटं बोलत नाही. फक्त ते बाहेरून आलेले नसतात.

आपण सगळेच मनातल्या मनात बोलतो. "आज युरिया आणायचा आहे", "पोराची फी भरायची राहिली". हे बोलणं आपलंच आहे, अशी खूणगाठ मेंदू आपोआप बांधतो. काही आजारांत ही खूणगाठ सुटते. मग स्वतःच्याच मेंदूत तयार झालेलं बोलणं परक्याचं वाटतं. आवाज येत असताना केलेल्या मेंदूच्या तपासण्यांत बोलण्याशी आणि ऐकण्याशी संबंधित भाग जागे झालेले दिसले आहेत. म्हणजे अनुभव खरा आहे, पत्ता चुकीचा लागतो आहे.

प्रत्येक वेळी हा मानसिक आजारच असतो असं नाही. फिजिशियन म्हणून मी आधी पुढच्या गोष्टी तपासतो:

- दारू रोज पिणाऱ्याने अचानक बंद केली, तर दोन-तीन दिवसांत आवाज, भास, थरथर, घाम सुरू होतो. ही इमर्जन्सी आहे. यात जीव जाऊ शकतो.
- म्हाताऱ्या माणसाला ताप, लघवीचं इन्फेक्शन, रक्तातलं सोडियम कमी होणं, साखर कमी-जास्त होणं, यामुळे एका दिवसात भास सुरू होऊ शकतात.
- फिट्सचे काही प्रकार, थायरॉइडचे विकार, मेंदूतली गाठ.
- गांजा, तसंच स्टेरॉइडसारखी काही औषधं.
- ऐकू कमी येणं. वयस्कर लोकांना बहिरेपणात कधी कधी गाणी, भजनं ऐकू येतात.
- कानात नुसतं 'सूं सूं' किंवा रातकिड्यांसारखा आवाज येणं हा वेगळा त्रास आहे. तो कानाच्या डॉक्टरांना दाखवा.

झोप लागता लागता कोणी हाक मारल्यासारखं वाटणं, किंवा घरातलं माणूस गेल्यावर काही दिवस त्याचा आवाज आल्यासारखं वाटणं, हे अनेकांना होतं आणि तो आजार नव्हे.

पण जागेपणी, आठवड्यामागून आठवडे, कोणीतरी आपल्याबद्दल बोलतंय, हुकूम देतंय, आपले विचार सगळ्यांना कळतायत असं वाटत असेल, तर स्किझोफ्रेनियासारख्या आजाराचा विचार करावा लागतो. जगात दर ३०० माणसांमागे साधारण एकाला हा आजार आहे. वाशिम जिल्ह्याची लोकसंख्या १२ लाखांच्या आसपास धरली, तर या हिशेबाने आपल्या जिल्ह्यात सुमारे चार हजार जण असतील. म्हणजे हे दुर्मिळ नाही. तुमच्या गावातही कोणीतरी असेलच. बहुतेकांना तो ऐन तरुणपणी सुरू होतो, म्हणजे कॉलेज, नोकरी, लग्न याच वयात.

कर्णपिशाच्च ते ५जी

टॉवर नव्हते तेव्हा हे आवाज नव्हते का? होते. आपल्याकडे त्याला कर्णपिशाच्च म्हणत. करणी, भानामती, अंगात येणं, अशी नावं होती. लंडनमध्ये जेम्स टिली मॅथ्यूज नावाचा चहाचा व्यापारी होता. एक टोळी हवेच्या यंत्राने आपल्या मनावर ताबा मिळवते, अशी त्याची खात्री होती. त्याच्यावर डॉ. हॅस्लम यांनी १८१० मध्ये पुस्तक लिहिलं. तेव्हा रेडिओ लहरींचा शोधही लागलेला नव्हता. हर्ट्झने त्या दाखवल्या १८८७ च्या सुमारास. १९१९ मध्ये व्हिएन्नाच्या टाउस्क यांनी लिहिलं की अनेक रुग्ण आपला छळ कुठल्यातरी गूढ यंत्राने होतो असं सांगतात.

मी एमबीबीएस करत असताना रुग्ण रेडिओचं आणि टीव्हीचं नाव घेत. नंतर मोबाईल आला, मग चिप आली, आता ५जी आणि एआय. आवाज तेच, बोलणं तेच: शिव्या, टोमणे, धमक्या. बदलतं ते फक्त कारण. न समजणाऱ्या अनुभवाला माणूस त्याच्या काळातलं सगळ्यांत गूढ वाटणारं कारण जोडतो. यात रुग्णाच्या बुद्धीचा दोष नाही. उलट तो समजूतदारपणे उत्तर शोधत असतो. आजारामुळे ते चुकीच्या दिशेला जातं एवढंच.

माझं मत

"असं काही नसतंच" हे उत्तर मला मान्य नाही. एक तर ते शास्त्राला धरून नाही, कारण प्रयोगशाळेत फ्रे इफेक्ट असतो. दुसरं, रुग्णाने तो इंटरनेटवर वाचलेला असतो. तुम्ही नाही म्हणालात की त्याचा तुमच्यावरचा विश्वास त्याच क्षणी संपतो. मग तुम्ही दिलेली गोळीही तो कशाला घेईल? त्याऐवजी मी सांगतो, "तुम्ही वाचलं ते प्रयोगशाळेत झालेलं आहे. पण त्यात टक-टक ऐकू येते, तुम्हाला वाक्यं ऐकू येतात. त्याला रडार लागतं, तुम्हाला ते घरात, शेतात, सगळीकडे ऐकू येतं. दोन्ही गोष्टी एक नाहीत. तुमचा त्रास मला खरा वाटतो, त्यावर आपण उपाय करू." एवढं ऐकून प्रत्येक जण पटवून घेत नाही. पण बरेच जण पुन्हा यायला तयार होतात, आणि मला तेवढं पुरेसं आहे.

माझा खरा राग आहे तो या भीतीवर धंदा करणाऱ्यांवर. रेडिएशन अडवणारे स्टिकर, लॉकेट, 'सिग्नल कापणारी' यंत्रं, हजारो रुपये घेऊन बंधन घालणारे बाबा. एकीकडे सोयाबीनला भाव नाही म्हणून घर अडचणीत, आणि दुसरीकडे पोराच्या आवाजांवर कर्ज काढून असा खर्च. पैसा जातो तो जातोच, त्याहून मोठं नुकसान वेळेचं होतं. उपचाराविना जितके जास्त दिवस जातात, तितकं बरं होणं अवघड होत जातं, हे अनेक अभ्यासांत दिसलं आहे. भारताच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात, आजारानुसार, ७० ते ९२ टक्के लोक उपचारांपासून दूर असल्याचं आढळलं. त्यात हा टॉवरचा फाटा फुटला की आणखी एक-दोन वर्षं सहज निघून जातात.

देवाला जायला माझी ना नाही. पोहरादेवीला जा, कारंज्याला जा, दर्ग्यावर जा. मनाला आधार मिळतो. पण गोळी बंद करून जाऊ नका, आणि मारहाण किंवा साखळी असेल तिथे तर अजिबात नको. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतल्या एरवाडीला आग लागली, तेव्हा साखळीने बांधलेल्या २८ मनोरुग्णांचा जळून मृत्यू झाला. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मनोरुग्णाला साखळदंडाने बांधायला पूर्ण बंदी आहे.

घरच्यांनी काय करावं?

१. वाद घालू नका. "आवाज येतच नाहीत" असं म्हणू नका. "मला ऐकू येत नाहीत, पण तुला येतात आणि तुला त्रास होतो हे दिसतंय" असं म्हणा.

२. होकारही देऊ नका. त्याचं मन राखायला टॉवरवाल्यांना शिव्या घालू नका, घराला पत्रे ठोकू नका. त्याने संशय पक्का होतो.

३. शांतपणे विचारा, "आवाज काय करायला सांगतात?" हा सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न आहे. मरायला किंवा कोणाला मारायला सांगत असतील, तर त्याला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी दवाखान्यात न्या. या आजारात दर शंभरांतले सुमारे पाच जण आत्महत्येने जातात.

४. घरातली कीटकनाशकं कुलपात ठेवा, किंवा घरात ठेवूच नका. आपल्या भागात हे मी प्रत्येक कुटुंबाला सांगतो.

५. "झोप येत नाही, जेवण जात नाही, त्यासाठी डॉक्टरला दाखवू" असं म्हणून आणा. ते खोटं नसतं. झोप उडालेलीच असते.

६. रात्रभर मोबाईलवर हेच व्हिडिओ पाहणं कमी करा. एक पाहिला की तसेच पन्नास समोर येतात.

उपचाराबद्दल

या आजारांवरचं पहिलं परिणामकारक औषध १९५२ मध्ये वापरात आलं. आज रिस्पेरिडोन, ओलँझापिन अशी बरीच औषधं आहेत आणि ती फार महागही नाहीत. ही झोपेची किंवा नशेची औषधं नव्हेत. आवाज कमी व्हायला काही आठवडे लागतात. आधी ते दूर गेल्यासारखे वाटतात, मग त्यांचा जोर ओसरतो. काहींचे पूर्ण जातात, काहींचे थोडे राहतात, पण माणूस कामाला लागतो. काही औषधांनी वजन आणि साखर वाढते, म्हणून दर काही महिन्यांनी तपासणी करा. त्या कामासाठी माझ्यासारखा फिजिशियन आहेच. बरं वाटलं म्हणून गोळी स्वतःहून बंद करू नका. आजार उलटण्याचं ते सगळ्यांत मोठं कारण आहे. रोज गोळी घेणं जमत नसेल तर काही आठवड्यांनी एकदा घ्यायची इंजेक्शनंही मिळतात.

वाशिमच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली सल्ला आणि औषधं मिळतात. भरती करण्याची गरज पडली तर आपल्याला जवळचं सरकारी मनोरुग्णालय नागपूरचं. प्रवास जमत नसेल तर १४४१६ हा टेलिमानसचा मोफत क्रमांक आहे. तो ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाला, तिथे मराठीत बोलता येतं. रुग्ण तयार नसेल तर आधी घरच्यांनी फोन केला तरी चालतो.

एक सिनेमाही सुचवतो. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा २००४ चा 'देवराई'. अतुल कुलकर्णींनी त्यात स्किझोफ्रेनिया झालेल्या शेषची भूमिका केली आहे. घरच्यांनी मिळून पाहावा. रुग्णाच्या आत काय चालतं आणि सांभाळणाऱ्या बहिणीची काय ओढाताण होते, ते त्यात कळतं.

टॉवरविषयी खरोखर शंका असेल, तर दूरसंचार विभागाच्या 'तरंग संचार' पोर्टलवर माहिती घ्या, मोजणीची मागणी करा. तो तुमचा हक्क आहे. पण मोजणीचा अहवाल येईपर्यंत पोराला घरात बसवून ठेवू नका. मोजणी मोजणीच्या वेळी होईल, दवाखान्यात या आठवड्यातच या.

लेख उपयोगी वाटला तर गरज असलेल्या घरापर्यंत पोचवा. फक्त कोणाचं नाव घेऊन गावाच्या ग्रुपवर टाकू नका, ही विनंती.

काळजी घ्या, आणि घरातल्या माणसाचं ऐकून घ्या.